मोटारीखालचा संसार



मोटार विकत घ्यावयास निघालेला गृहस्थ प्रथम तिचा रंग पाहतो, मग आसनांवर हात फिरवितो, मग इंजिन सुरू करावयास सांगून त्याचा आवाज कान देऊन ऐकतो, आणि शेवटीं किंमत विचारतो. खालीं वाकून चाकांच्या आंतल्या बाजूस सहसा कोणी पाहत नाहीं. तेथें धूळ, चिखल आणि काळें वंगण यांचे थर बसलेले असतात. धुतलेल्या कपड्यांच्या मनुष्यास तेथें पाहण्यासारखें कांहीं आहे असें वाटत नाहीं. मीहि असाच एक गृहस्थ होतों. पुढें एका पावसाळ्यांत, चिखलदऱ्याच्या घाटांत, या अज्ञानाची किंमत मला माझ्या माणसांच्या जिवानें द्यावी लागली असती. ती द्यावी लागली नाहीं, हें दैव. त्या दिवसापासून गाडीखालचा हा संसार समजून घेण्याचा मला नाद लागला. तो जेवढा समजला तेवढा आपणांपुढें मांडावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे. मी यंत्रशास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि मुलांना अंकगणित व भूगोल शिकविण्यांत आयुष्य घालविलेला एक शाळामास्तर आहें. तेव्हां भाषा शाळेंतलीच येईल, ती आपण गोड करून घ्यावी.

ज्या गाडीच्या निमित्तानें मी बोलणार आहें ती आपणांपैकीं बहुतेकांच्या ओळखीची आहे. ती म्हणजे प्रीमियर पद्मिनी. शेठ वालचंद हिराचंद यांच्या पुढाकारानें १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली, आणि तिच्या मुंबईंतील कुर्ल्याच्या कारखान्यांत इटलीच्या फियाट कंपनीची ‘११००’ ही गाडी तयार होऊं लागली. १९६४ सालीं तिचें नवें रूप ‘डिलाइट’ या नांवानें आलें. १९७४ च्या सुमारास तीच ‘पद्मिनी’ झाली. शतक पालटण्याच्या वेळीं तिचें उत्पादन थांबलें, आणि मुंबईंतील शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ मध्यें रस्त्यावरून निवृत्त झाली.

ही गाडी दिसावयास घरगुती, पण तिचें कुळ सामान्य नाहीं. फियाटनें ११०० चा नवा घाट १९५३ सालीं बाहेर काढला, आणि त्याच वर्षीं तिची एक चपळ बहीणहि काढली. तिचें नांव ‘तुरिझ्मो वेलोचे’. या इटालियन शब्दांचा अर्थ ‘वेगवान प्रवास’. लांबचा प्रवास, तोहि चार माणसांसह आणि वेगानें करतां यावा, यासाठीं केलेली ही गाडी. तिचें इंजिन अधिक जोरकस होतें. परंतु स्प्रिंगा, स्टिअरिंग, ब्रेक आणि चाकें यांची मांडणी मूलतः दोघींची एकच होती. म्हणून पद्मिनीच्या पोटाखालीं जो पाहील त्याला त्या काळच्या वेगवान प्रवासी गाड्यांची विद्या आपोआप शिकावयास मिळेल.

१९९४ सालीं माझी नोकरी अकोल्यास होती आणि घर अमरावतीस. घरीं आई एकटी व वृद्ध. दर शनिवारीं बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगांव मंजू या रस्त्यानें जाणें-येणें करण्यासाठीं मीं एक जुनी पद्मिनी घेतली. अमरावतीच्या ज्या मिस्त्रीकडे ती दुरुस्तीस जाई, त्यानें पहिल्याच दिवशीं मला सांगितलें, “गुरुजी, गाडी पयते इंजनानं, पन घरी आनते खालचं सामान.” मीं हंसून तें सोडून दिलें. त्याचें हें वाक्य म्हणजेच आजच्या भाषणाचें सार आहे, हें कळावयास मला दोन वर्षें लागलीं.

प्रथम स्प्रिंगांचा विचार करूं. आपल्या वऱ्हाडांतली बंडी डोळ्यांपुढें आणा. दोन चाकें, त्यांच्यामधून गेलेला एक आंस, आणि त्या आंसावर ठेवलेला साटा. मधें कांहींहि लवचिक नाहीं. चाकाखालीं धोंडा आला कीं त्याचा दणका जसाच्या तसा वर बसलेल्याच्या पाठींत जातो. कापसाची बोंदरी तक्रार करीत नाहींत, म्हणून बंडीचें भागतें. माणसांना बसावयास रेंगी किंवा दमणी केली, तर तिच्यांत कडबा पसरून वर गादी घालावी लागे. ती गादी हीच आपली जुनी स्प्रिंग.

त्यांत आपली जमीन निराळी. पूर्णेच्या खोऱ्यांतली काळी माती पाऊस पिऊन फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून तिला हात जाईल अशा भेगा पडतात. अशा मातीवर बांधलेला रस्ता वर्षांतून एकदां तरी श्वास घेतल्याप्रमाणें वर येतो व खालीं बसतो. वरून सपाट दिसणाऱ्या डांबरावर लाटा उठतात त्या यामुळें. वऱ्हाडांत गाडीच्या स्प्रिंगांना विश्रांति म्हणून नाहीं.

पण स्प्रिंग ही केवळ बसणाऱ्याच्या सुखासाठीं असते, ही समजूत अपुरी आहे. तिचें खरें काम चाकाला जमिनीवर टेकवून ठेवण्याचें आहे. खड्ड्याच्या कांठावरून चाक उडालें, कीं जेवढा वेळ तें हवेंत आहे तेवढा वेळ तें गाडीला वळवूंहि शकत नाहीं आणि थांबवूंहि शकत नाहीं. स्टिअरिंग कितीहि उत्तम असो, ब्रेक कितीहि कडक असोत. चाक भुईला लागलेलें नसेल तर दोन्ही व्यर्थ. हा एक मुद्दा ध्यानांत ठेवला म्हणजे पुढचें सर्व सोपें होतें.

पद्मिनीच्या मागच्या बाजूस कमानपाटे आहेत. पोलादाच्या लांब, किंचित् वांकविलेल्या पट्ट्या एकावर एक बांधून केलेली ही स्प्रिंग घोड्यांच्या बग्ग्यांपासून चालत आलेली आहे. ती ओझें निमूटपणें वाहते. मात्र मागचीं दोन्ही चाकें एकाच आडव्या आंसानें जोडलेलीं असल्यामुळें डावें चाक उंचवट्यावर चढलें कीं उजवेंहि थोडें कलतें. बंडीचा हा दोष येथें उरलेला आहे.

पुढच्या बाजूस हा दोष काढून टाकला आहे. तेथें प्रत्येक चाक स्वतंत्र. वर एक व खालीं एक अशा दोन बाहूंवर चाक टांगलेलें असतें आणि मधें गुंडाळीची स्प्रिंग असते. डावें चाक खड्ड्यांत गेलें तरी उजव्याला त्याची वार्ता नसते. पुढचीं चाकें अशीं स्वतंत्र करण्याचा धाडसी प्रयोग इटलींतीलच लान्सिया कंपनीनें १९२२ सालीं ‘लाम्ब्डा’ या गाडींत करून दाखविला होता. पुढें तीस वर्षांत तो सामान्य गृहस्थाच्या गाडीपर्यंत पोंचला. दोन्ही बाजूंस जोडणारी एक पोलादी कांब मात्र ठेवलेली असते. वळणावर गाडी एका अंगास फार कलूं लागली तर ती पिळली जाते आणि गाडीला आवरते.

आतां स्प्रिंगेचा एक दुर्गुण. ती दबते तशी उसळतेहि, आणि उसळत राहते. आंब्याला बांधलेला झोका एकदां ढकलून सोडला तर तो लगेच थांबतो काय? स्प्रिंगेचेंहि तसेंच. तिची ही उसळी जिरविण्यासाठीं प्रत्येक चाकापाशीं तेलानें भरलेली एक नळी असते. आंतला दट्ट्या बारीक छिद्रांतून तेल ढकलीत हळू सरकतो, व उसळीची शक्ति तेल किंचित् तापविण्यांत खर्च होते. हिला इंग्रजींत शॉक ॲब्सॉर्बर म्हणतात. आमचे मिस्त्री ‘शॉकअप’ म्हणतात. त्याची परीक्षा घरच्या घरीं होते. गाडीचा एक कोपरा दोन्ही हातांनीं जोरानें दाबून सोडा. गाडी एकदां वर येऊन स्थिर झाली तर शॉकअप चांगला. ती नंदीबैलासारखी मान डोलवीत राहिली तर तो निकामी झाला असें समजावें.

दुसरा भाग स्टिअरिंगचा. बंडी वळते ती बैल वळतात म्हणून. तिला दोनच चाकें, त्यामुळें तिला कांहीं शास्त्र लागत नाहीं. चारचाकी गाडीचें तसें नाहीं. गाडी वळते तेव्हां आंतल्या अंगाचें चाक लहान वर्तुळावर चालतें आणि बाहेरचें मोठ्या वर्तुळावर. पद्मिनीच्या दोन चाकांमध्यें साधारण सव्वा मीटर अंतर आहे. गाडीनें एक पूर्ण फेरी मारली तर बाहेरचें चाक आंतल्यापेक्षां जवळजवळ आठ मीटर अधिक चालतें. शाळेंतलें परिघाचें सूत्र लावून मुलांनीं हा हिशेब करून पाहावा. याचा अर्थ असा, कीं पुढचीं दोन्ही चाकें सारख्याच कोनांत वळवून चालणार नाहीं. आंतलें अधिक वळलें पाहिजे, बाहेरचें कमी. नाहीं तर एक चाक रस्त्यावर घासत जाईल.

ही युक्ति मोटारीच्या जन्मापूर्वींची आहे. म्यूनिकचा लांकेनस्पर्गर नांवाचा एक गाड्या बनविणारा कारागीर होता. त्यानें ती बग्ग्यांसाठीं शोधून काढली, आणि १८१८ सालीं लंडनमध्यें तिचा हक्क ॲकरमन नांवाच्या गृहस्थानें त्याच्या वतीनें नोंदविला. जगानें नांव लक्षांत ठेवलें तें ॲकरमनचें. कारागिराच्या वांट्याला असें पुष्कळदां येतें.

चालकाच्या हातांतलें चक्र आणि चाकें यांच्यामध्यें एक पेटी असते. तींत मळसूत्राच्या आट्यांचा एक दांडा असतो व त्या आट्यांत दुसरा भाग गुंतलेला असतो. चक्र पुष्कळ फिरवावें तेव्हां चाक थोडें वळतें. पण त्यामुळेंच हलक्या हातालाहि जड चाक वळवितां येतें.  पेटीपासून चाकापर्यंत दांडे व त्यांचे सांधे आहेत. प्रत्येक चाक ज्या उभ्या खिळ्यावर वळतें त्याला किंगपिन म्हणतात. या खिळ्याला व सांध्यांना नियमानें ग्रीस भरावें लागतें. तें चुकलें कीं सांधे झिजतात आणि चक्र बोटभर फिरविलें तरी चाक हलत नाहीं. मिस्त्री याला ‘प्ले आला’ म्हणतात. बैलगाडीच्या तुंब्यांत वंगण घालण्यास आपले कास्तकार कधीं चुकत नाहींत. मोटारवाले मात्र चुकतात. कारण बंडीचें चाक करकरून सांगतें, आणि मोटारीचें चाक पुष्कळ दिवस मुकाट्यानें झिजतें.

आणखी एक मौज पाहा. वळण संपल्यावर हात सैल सोडला तर स्टिअरिंगचें चक्र आपोआप सरळ होऊं लागतें. हें किंगपिनच्या कलण्यामुळें होतें. तो वरच्या टोंकाशीं किंचित् मागें झुकलेला असतो, म्हणून चाक नेहमीं चालण्याच्या दिशेच्या मागें राहावयास पाहतें. सायकलचा पुढचा चिमटा याच कारणानें तिरपा असतो, आणि उनाड मुलांना हात सोडून सायकल चालवितां येते त्याचें हें एक कारण आहे.

आतां ब्रेकांकडे वळतों, आणि येथें मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे.

१९९६ च्या ऑगस्टांत आम्ही चिखलदऱ्यास गेलों होतों. बरोबर पत्नी, नऊ वर्षांची मुलगी आणि माझी आई. धुकें, पाऊस, गाविलगडाच्या भिंतींवरून उतरणारे ढग, हें सर्व पाहून तिसऱ्या प्रहरीं परतवाड्याकडे उतरावयास निघालों. पेट्रोल वांचवावें म्हणून उतारावर मीं गाडी न्यूट्रलमध्यें टाकली. काटकसरी मनुष्याची ही जुनी खोड आहे. गाडी आपल्या वजनानें धांवूं लागली आणि मी वळणावळणावर ब्रेक दाबीत राहिलों. निम्मा घाट उतरल्यावर एका वळणापाशीं पेडल दाबलें, तें गाळांत पाय रुतावा तसें खालीं गेलें. पुन्हां दाबलें. पुन्हां तसेंच. गाडी हळू होईना. उजव्या हातास दरी होती. मीं हँडब्रेक ओढला, कसेंबसें गियर अडकविलें, आणि डोंगराच्या अंगास रस्त्याच्या कडेला मुरमाचा ढीग पडलेला होता त्यांत गाडी घातली. पुढचा दिवा फुटला, आईच्या कपाळाला खोंक पडली. बाकी सर्व सुखरूप. मुलगी रडली नाहीं. ती एवढेंच म्हणाली, “बाबा, गाडीनं तुमचं ऐकलं नाही.”

पुढचें नवल ऐका. अर्धा तास आम्ही पावसांत उभे होतों. मग मीं सहज पेडल दाबून पाहिलें, तों तें पहिल्यासारखें घट्ट! जणू कांहीं झालेंच नव्हतें. मला वाटलें, आपल्यालाच भ्रम झाला. दुसऱ्या गियरमध्यें, पायीं चालणाऱ्याच्या वेगानें आम्ही परतवाडा गांठला. दुसऱ्या दिवशीं अमरावतीस मिस्त्रीनें सर्व ऐकून घेतलें, ब्रेकच्या तेलाचे दोन थेंब बोटावर घेतले आणि म्हणाला, “तेलाले उकळी फुटली, गुरुजी.”

याचा उलगडा असा. पद्मिनीचे ब्रेक तेलावर चालतात. पाय पेडल दाबतो, त्यानें एका सिलिंडरांतलें तेल दाबलें जातें, आणि तो दाब नळ्यांतून चारही चाकांना सारखा पोंचतो. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पसरतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेंत पाठ केलेला असतो. त्याचा उपयोग येथें दिसतो. चाकाशीं एक पिंपासारखा ड्रम चाकाबरोबर फिरत असतो. त्याच्या आंत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन ब्रेक-शू असतात. तेलाचा दाब त्यांना बाहेर ढकलतो, आणि त्यांवरचा लायनर ड्रमच्या आंतल्या अंगास घासून चाक थांबवितो.

थांबवितो म्हणजे काय करतो? गति नाहींशी होत नाहीं. तिची उष्णता होते. परतवाड्यापेक्षां चिखलदरा सुमारें सातशें मीटर उंच आहे. माणसें व सामान धरून माझी गाडी बाराशें किलो होती असें समजा. एवढें वजन एवढ्या उंचीवरून केवळ ब्रेकांवर उतरविलें तर जी उष्णता निघते, तिच्यांत अठ्ठावीस लिटर पाण्याला साध्या तपमानापासून उकळी आणतां येईल. दोन घागरी पाणी उकळण्याइतकी ही आंच त्या चार लहान ड्रमांत कोंडली जाते. त्यांतली थोडी वाऱ्यानें जाते, पण पुष्कळशी आंत राहते. गियर घातलेला असता तर त्यांतला मोठा हिस्सा इंजिनानें अडवून घेतला असता. मीं न्यूट्रल करून तो सर्व भार ब्रेकांवर लादला. दोन रुपयांचें पेट्रोल वांचविण्यासाठीं!

तापलेल्या ड्रमचे दोन परिणाम होतात. पहिला आपल्या गांवच्या लोहाराला ठाऊक आहे. बंडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवितांना तो ती आगींत लाल करतो. तापून ती फुगते, चाकावर सहज बसते, आणि पाणी ओतलें कीं आवळते. ड्रमहि तसाच तापून फुगतो आणि आंतल्या शूपासून दूर सरतो. शिवाय तापलेल्या लायनरची पकडहि कमी होते. त्यामुळें पाय अधिकाधिक दाबावा लागतो. ही पहिली सूचना.

दुसरा परिणाम अधिक घातक. ब्रेकच्या नेहमींच्या तेलाला हवेंतला ओलावा शोषून घेण्याची संवय असते. या जातीचें सामान्य तेल नवें असतांना दोनशें अंशांच्या वर उकळतें. परंतु ओलावा मुरला कीं तोच उत्कलनबिंदु एकशें चाळीस अंशांच्या आसपास उतरतो. माझ्या गाडींतलें तेल मीं घेतल्यापासून बदललें नव्हतें. पूर्वींच्या मालकानें कधीं बदललें होतें, देव जाणे. तें घाटांत उकळलें व नळींत वाफेचे बुडबुडे झाले. तेल दाबलें जात नाहीं, पण वाफ दाबली जाते. म्हणून पायानें दिलेला सर्व जोर बुडबुडे दाबण्यांत गेला आणि चाकांपर्यंत कांहींच पोंचलें नाहीं. अर्ध्या तासानें तेल निवलें, वाफ पुन्हां पाणी झाली, आणि पेडल शहाण्यासारखें घट्ट झालें. गाडीनें ऐकलें नाहीं असें मुलगी म्हणाली. खरें पाहतां मींच दोन वर्षें गाडीचें ऐकलें नव्हतें.

ड्रमचा हा दोष वेगवान गाड्यांच्या शर्यतींत फार पूर्वीं ध्यानांत आला. ज्या १९५३ सालीं फियाटची नवी ११०० निघाली, त्याच सालीं फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जॅग्वार कंपनीच्या गाडीनें जिंकली, ती चाकांना ड्रमऐवजीं उघडी तबकडी लावून. तबकडी वाऱ्यावर असल्यामुळें लवकर निवते आणि तापून फुगली तरी पकडीपासून दूर जात नाहीं. आज घरगुती गाड्यांच्या पुढच्या चाकांना बहुधा तबकड्याच असतात. पुढच्यांनाच कां? कारण ब्रेक लावतांच गाडी पुढें झुकते व भार पुढच्या चाकांवर येतो, म्हणून थांबविण्याचें मोठें काम तींच करतात. शिवाय जुन्या गाड्यांत चारही चाकांना मिळून तेलाची एकच वाट असे. एका जागीं गळती लागली कीं चारही ब्रेक जात. नव्या गाड्यांत दोन स्वतंत्र वाटा असतात. जुन्या गाडींत एक हँडब्रेकच काय तो तेलावर अवलंबून नसे, आणि त्या दिवशीं त्यानेंच मला थोडी साथ दिली.

शेवटचा भाग चाकांचा. बंडीच्या चाकाला तुंबा, आरे व धाव. मोटारीच्या चाकालाहि तेच अवयव निराळ्या वेषांत. जुन्या वेगवान गाड्यांना तारेच्या आऱ्यांचीं चाकें असत. तीं हलकीं असतात व ड्रमला वारा लागूं देतात. पद्मिनीला पोलादी पत्र्याचें, चौदा इंची चाक आहे. आपल्या खड्ड्यांना तेंच मानवतें. चाक हलकें असावें यांतहि मर्म आहे. हलकें चाक उंचवट्यावरून चटकन् खालीं येतें. जड चाक उशिरां येतें.

चाकाभोंवतीं हवा भरलेला टायर. बेलफास्टच्या डनलॉप या पशुवैद्यानें १८८७ च्या सुमारास तो आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठीं केला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. आतां एक हिशेब करूं. भरलेल्या गाडीच्या एका चाकावर सुमारें तीनशें किलो भार येतो. टायरांतल्या हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला पावणेदोन किलोच्या जवळ धरला, तर टायर जमिनीला जेथें टेकतो ती जागा दीडशें ते पावणेदोनशें चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे आपल्या तळहाताएवढी, बोटें धरून. बाराशें किलोंची गाडी आणि तींतलीं चार माणसें चार तळहातांवर उभीं असतात! स्प्रिंग, स्टिअरिंग, ब्रेक या सर्वांचा हुकूम रस्त्यापर्यंत पोंचतो तो या चार तळहातांतून. टायर गुळगुळीत झाला किंवा त्यांत हवा कमी असली, तर वरची सर्व विद्या तेथें येऊन अडते.

हे चारही भाग एकमेकांच्या दुखण्यांत सामील असतात, हें मीं पुढें अनुभवानें शिकलों. एकदां साठाच्या वेगाला स्टिअरिंग थरथरूं लागलें. मीं दोष स्टिअरिंगला दिला. मिस्त्रीनें पाहिलें, तों एका बाजूचा शॉकअप गेलेला. त्यामुळें चाक रस्त्यावर नाचत होतें. त्यामुळें टायर ठिकठिकाणीं वाटीसारखा झिजला होता. आणि त्या झिजलेल्या टायरामुळें स्टिअरिंग हालत होतें. दुखणें एका घरांत आणि रडणें चौथ्या घरांत.

आतां रस्ते सुधारले आहेत. जून २०२२ मध्यें आमच्याच अमरावती–अकोला महामार्गावर लोणी ते माना या टापूंत पंचाहत्तर किलोमीटर लांबीचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घालण्यांत आला, आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. ज्या वाटेवर मीं वर्षानुवर्षें धक्के खाल्ले तेथें आज चहाचा पेला हिंदकळत नाहीं. पण गुळगुळीत रस्ता वेग मागतो, आणि वेगाचा हिशेब कठोर आहे. वेग दुप्पट झाला कीं जिरवावयाची शक्ति चौपट होते. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर तीसच्या वेगानें जाणारी गाडी ब्रेक लागल्यावर सुमारें पांच मीटरांत थांबते, साठला वीस मीटर लागतात, आणि नव्वदला पंचेचाळीस. डोळ्यानें पाहून पाय हलेपर्यंत जो एक सेकंद जातो, त्यांत गाडी आणखी अनुक्रमें आठ, सतरा व पंचवीस मीटर पुढें गेलेली असते तें निराळें. म्हणजे नव्वदला एकूण सत्तर मीटर. ओल्या रस्त्यावर याहून अधिक.

म्हणून माझी विनंति एवढीच आहे, कीं मृग लागण्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्या गाडीच्या चार गोष्टी पाहून घ्याव्या. गाडीचा कोपरा दाबून शॉकअप पाहावा. चक्र हलकेंच हलवून चाक केव्हां हलतें तें पाहावें. ब्रेकचें तेल दोन वर्षांनीं तरी बदलावें आणि सांगितलेल्या जातीचेंच घालावें; दुसरें तेल आंतल्या रबरांना फुगवून नासवितें. नाल्याच्या पाण्यांतून गाडी काढली तर पुढें थोडें अंतर हलका ब्रेक लावीत चालवावी, म्हणजे ओले लायनर वाळतील. टायरांतली हवा गाडी थंड असतांना मोजावी. आणि घाट उतरतांना न्यूट्रल करूं नये. ज्या गियरमध्यें चढ चढावयाचा, त्याच गियरमध्यें तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आहे.

ती पद्मिनी आज माझ्याकडे नाहीं, आईहि नाहीं. त्या खोंकेचा व्रण तिच्या कपाळावर अखेरपर्यंत होता, आणि कोणी विचारलें तर ती “चिखलदऱ्याचा प्रसाद” म्हणून हंसून सांगे. मला मात्र हंसूं येत नसे. मुलगी आतां स्वतःची गाडी चालविते. तिच्या गाडीला तबकड्यांचे ब्रेक आहेत, चाक अडकूं न देणारी विजेची योजना आहे. तरीहि दर जूनमध्यें ती बॉनेट उघडून ब्रेकच्या तेलाची बाटली पाहते आणि मग मला फोनवर सांगते, “बाबा, तेल पाहिलं.” मीं तिला हें कधीं शिकविलें नाहीं, ती त्या मुरमाच्या ढिगापाशीं शिकली. आपल्या मुलांना तें अशा जागीं शिकावें लागूं नये, एवढ्यासाठींच आपला हा वेळ घेतला.